हक्कांची सनद, अमेरिकेची

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या संविधानातील पहिल्या दहा दुरुस्त्यांना मिळून दिलेले नाव. त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी अंमलात आल्या.

फिलाडेल्फिया येथे १७८७ मध्ये तयार झालेल्या मूळ संविधानात व्यक्तीच्या हक्कांची स्वतंत्र यादी नव्हती. व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा (१७७६) प्रमुख कर्ता जॉर्ज मेसन याने ती जोडण्याची केलेली सूचना फेटाळण्यात आली व त्याने संविधानावर सही करण्याचे नाकारले. केंद्राला जे अधिकार दिलेलेच नाहीत, त्यांवर बंधने घातल्यास ते अधिकार केंद्राला आहेत असा अर्थ निघेल, असा अलेक्झांडर हॅमिल्टनचा आक्षेप होता. तथापि बलवान केंद्रसत्तेविषयीच्या धास्तीमुळे मॅसॅचूसेट्स, व्हर्जिनिया, न्यूयॉर्क इ. राज्यांनी दुरुस्त्यांची शिफारस करूनच संविधानास मान्यता दिली.

प्रारंभी या कल्पनेविषयी साशंक असलेल्या जेम्स मॅडिसनने ८ जून १७८९ रोजी प्रतिनिधिगृहात दुरुस्त्या मांडल्या. काँग्रेसने बारा दुरुस्त्या राज्यांकडे पाठविल्या. त्यांपैकी दहा तेव्हा संमत झाल्या. काँग्रेस सदस्यांच्या वेतनाविषयीची आणखी एक दुरुस्ती १९९२ मध्ये, सत्ताविसावी म्हणून, संविधानात समाविष्ट झाली.

पहिल्या दुरुस्तीत धर्म, भाषण, मुद्रण, सभा व गाऱ्हाणी मांडणे यांविषयीचे स्वातंत्र्य आहे. चौथी ते आठवी या दुरुस्त्या झडती, अटक, न्यायचौकशी व शिक्षा यांबाबत संरक्षण देतात. यादीत नसलेले हक्कही लोकांकडेच राहतात, असे सांगून नवव्या दुरुस्तीने हॅमिल्टनच्या आक्षेपाला उत्तर दिले.

ही बंधने मात्र केवळ केंद्रावर होती. सद्‌सद्विवेक, मुद्रण व ज्यूरीपुढील न्यायचौकशी यांबाबत राज्यांनाही बांधून घेणारी मॅडिसनची दुरुस्ती सीनेटने वगळली. बॉल्टिमोर शहराच्या कामांमुळे एका धक्क्याजवळील पाणी गाळाने उथळ झाले, तेव्हा त्याच्या मालकाने भरपाई मागितली, पाचवी दुरुस्ती राज्यांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला (बॅरन वि. बॉल्टिमोर, १८३३). गुलामगिरीलाही सनदेने हात लावला नाही; ती १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने रद्द झाली. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) राज्यांवर विधियुक्त प्रक्रियेचे बंधन घातले. तिच्या आधारे, विशेषतः गिटलो वि. न्यूयॉर्क (१९२५) या खटल्यापासून, न्यायालयाने सनदेतील बहुतेक हक्क क्रमाक्रमाने राज्यांनाही लागू केले. याउलट भारतीय संविधानात मूलभूत हक्क प्रारंभापासूनच तिसऱ्या भागात असून ते केंद्र, राज्ये व स्थानिक संस्था या सर्वांवर बंधनकारक आहेत.

केंद्रसत्तेला आवर घालण्यासाठी जोडलेली यादी सर्व शासनसंस्थांविरुद्ध व्यक्तीची ढाल होण्यास अशा रीतीने सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.