कागदाचा समुद्र
मुलाच्या वाढदिवसाला घरात समुद्र उभा करायचा, तर तो कागदाकापडाचा असावा. सजावटीचं थर्माकोल आणि फुग्यांच्या प्लास्टिक काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. समुद्रात गेलेला फुग्याचा तुकडा कासवं खाद्य समजून गिळतात. जुन्या ओढणीच्या लाटा, पतंगी कागदाच्या आठ पट्ट्यांचा ऑक्टोपस, पुठ्ठ्याचं ऑलिव्ह रिडले कासव (वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं, तेच) एवढ्यानं खोली भरते. शिवाय बांगड्याच्या पाठीवरच्या गडद रेषा काढताना, पापलेटचा चपटा आकार कापताना मूल मासा नीट बघतं. तयार बॅनर लावून ते होत नाही. वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. पण सगळ्या भिंती कशाला? एका कोपऱ्याला दोन संध्याकाळी पुरतात. कात्री बोथट टोकाची द्यावी; चिकटवायला कणकेची खळ चालते.