शेवग्याचा पाला

शेवगा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम आमटीतली शेंग उभी राहते. मंडईत शेंगांची जुडी मोल देऊन घेणारे आपण, अंगणातल्या शेवग्याची छाटणी झाली की त्याचा पाला मात्र केराबरोबर घालवतो. आहाराच्या दृष्टीने या झाडाचे मोठे धन त्या पाल्यातच आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

हे झाड मूळचे आपल्याच देशातले, हिमालयाच्या पायथ्याचे. पाणी थोडे आणि जमीन हलकी असली तरी ते वाढते. मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडी पुरली की रुजते. लाकूड ठिसूळ, म्हणून शेंगा उतरल्यावर झाड छाटतात. मग नवी पालवी हाताशी येते.

१०० ग्रॅम ताज्या पाल्यात ६ ग्रॅमांहून अधिक प्रथिने आणि सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तेवढ्याच गाईच्या दुधात कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम. अर्थात पाल्यातले सगळेच अंगी लागत नाही; म्हणून दुधाऐवजी पाला, असा हिशेब कोणी मांडू नये. शिवाय पाल्यात लोह आहे, आणि ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते ते कॅरोटीनही विपुल आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. एका पालेभाजीने हे दुखणे हटणार नाही. पण दाराशी असलेले अन्न फेकून देणे तरी आपल्याला परवडणारे नाही.

कोकणातील गृहिणीला हे शिकवावे लागत नाही. गोकुळाष्टमीला तिकडे आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर शेगलाची भाजी होते. शेगल म्हणजे शेवग्याचा कोवळा पाला. त्याला तेलाची फोडणी आणि वर ओले खोबरे. ही नुसती चव नव्हे. स्निग्धांशामुळे कॅरोटीन अंगी लागते. ताटात लिंबू पिळले तर लोहही अधिक शोषले जाते. पाला उरला तर सावलीत वाळवून पूड करावी व थालीपिठात घालावी. मुळाची साल मात्र खाऊ नये, ती अपायकारक आहे.

हीच पूड आज डब्यांत भरून चढ्या भावाने विकली जाते. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते असे. पुढल्या छाटणीच्या वेळी निदान एक ओंजळ पाला केराऐवजी कढईत पडावा, इतकीच विनंती.