लंगोट, डायपर आणि वाळत घालायची दोरी

कोरा डायपर फाडून पाहिला, तर आतल्या मऊ लगद्यात बारीक पांढरे कण दिसतात. ते सोडियम पॉलिॲक्रिलेटचे. लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतवून ते बनवलेले असतात. ओल लागली की परासरणाने पाणी आत ओढलं जातं, कण फुगतो आणि त्याचं जेल होतं. शुद्ध पाणी असेल तर हे कण आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषतात. लघवीत क्षार असल्यामुळे तीच क्षमता तीसेक पटींवर येते. फुगलेल्या जेलवर चिमूटभर मीठ टाकून पाहा, ते पाणी सोडू लागतं.

सुती लंगोटाची रीत निराळी. पाणी धाग्यांमधल्या फटींत केशाकर्षणाने पसरतं, पण बाळाचा भार पडला की पुन्हा बाहेर येऊन त्वचेला लागतं. जेल दाबाखालीही पाणी सहसा सोडत नाही. रात्रीच्या सलग झोपेसाठी डायपर सरस, हे आजीलाही मान्य करावं लागेल.

पण अंगावर पुरळ येतं ते काही नुसत्या ओलीमुळे नाही. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते. शी आणि शू एकत्र आल्या की शीतल्या जिवाणूंचं विकर लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतं. त्यामुळे आम्लता घटते आणि शीतली चरबी व प्रथिनं पचवणारी विकरं अधिक जोमाने कामाला लागतात. नाजूक कातडी मग त्यांच्याच तावडीत सापडते. म्हणून शी झाली की लगेच बदलायचं, मग लंगोट असो की डायपर. डायपर हाताला कोरडा लागतो आणि म्हणून तासन् तास तसाच राहतो, ही त्याची खरी जोखीम आहे.

पर्यावरणाचं उत्तर दोरीवर ठरतं. ब्रिटनमध्ये २००८ साली झालेल्या सरकारी अभ्यासात अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला होता. डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन होतं, आणि धुवून वापरायच्या लंगोटांमुळे ५७०, म्हणजे जवळपास सारखंच. पण मशीन पूर्ण भरून लावलं, कपडे बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर लंगोटांचं उत्सर्जन ४० टक्क्यांनी घटतं. दर वेळी ड्रायरमध्ये वाळवले तर ते तेवढंच वाढतं. २०२३च्या नव्या ब्रिटिश अभ्यासात तर लंगोट सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरले.

आपल्याकडे ड्रायर विरळाच, आणि चुलत-मावस भावंडांचे लंगोट पुढच्या बाळाकडे जाण्याची पद्धत जुनीच. म्हणजे ब्रिटनला जे मुद्दाम करावं लागतं, ते इथे परंपरेने होतंच. मात्र वीज अजूनही मुख्यतः कोळशाची, त्यामुळे रोज गरम पाण्याचं मशीन लावलं तर हा फायदा पुसला जाईल. शिवाय पाणी सगळीकडे सारखं नाही. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. हंड्याने पाणी मोजणाऱ्या घराला ‘लंगोटच वापरा’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? कोकणातल्या आषाढात चार-चार दिवस दोरी ओलीच असते, आणि दमट लंगोट बांधण्यापेक्षा तेवढे दिवस डायपर बरा.

मला पटतं ते असं: उन्हाळ्या-हिवाळ्यात दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. लंगोट धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचा. कपडे मऊ करणारं द्रव्य टाळायचं, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून शोषण कमी होतं. आणि धुण्याची पाळी एकट्या बाळंतिणीवर येत असेल, तर घरातल्यांनी तिला पर्यावरणाचे धडे देऊ नयेत, बादली उचलावी.

डायपर वापरला तर तो कुणाच्या तरी हातातून जाणार, हेही ध्यानात असू द्यावं. २०१६च्या घनकचरा नियमांनी तो नीट गुंडाळून देणं बंधनकारक केलं. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने तर वर लाल ठिपका काढायला सांगितलं, म्हणजे वर्गीकरण करणाऱ्या बाईला पुडी न उघडता कळतं. शी आधी संडासात टाकावी, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळावा आणि लाल पेनने ठिपका काढावा. याला मिनिटभरही लागत नाही.