लँडरच्या पोटात मावणारी गाडी

मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने २४ जून २०११ रोजी ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा संगणकावरचा खेळ लोकांच्या हाती दिला, तेव्हा त्यात रॉकेट उभारायचं, उडवायचं आणि ते कुठवर जातं ते पाहायचं, एवढंच होतं. फेलिपे फालांगे या ब्राझिलियन तरुणाने तो रचला होता. पुढे खेळात ‘मून’ नावाचा चंद्र आला, मग चाकं आली आणि आमच्यासारख्यांना छोटे रोव्हर बांधायचं वेड लागलं. लोणावळ्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस माणसाला घरात बसवतोच. ते महिने माझे याच कामात गेले.

तेव्हापासूनचा काळ आठवला की एकच भांडण सगळीकडे दिसतं. रोव्हर वाहून नेणाऱ्या लँडरला गाडी बुटकी, अरुंद आणि हलकी हवी असते. जमिनीला ती रुंद आणि बसकी हवी असते. नवखा खेळाडू पहिल्यांदा लँडरचं ऐकतो. मधोमध नियंत्रक पेटी, तिच्यावर बॅटऱ्या, त्यावर सौरपट्ट्या, शेंड्यावर अँटेना, असा मनोरा चार चाकांवर उभा राहतो. खेळातल्या पृथ्वीवर तो चालतोही. मूनवर गुरुत्वाकर्षण सहाव्या हिश्श्याचं. त्याच वेगात तेच वळण घेतलं तर गाडीला बाहेर फेकणारा जोर तेवढाच राहतो, तिला खाली धरून ठेवणारं वजन मात्र सहापट घटतं. मनोरा पलटी खातो. म्हणून बॅटऱ्या चाकांच्या मध्ये खाली सरकवायच्या आणि चाकं शक्य तेवढी बाहेर काढायची. आणखी एक खोच होती. ज्या कळांनी गाडी पुढे जाते, त्याच कळांनी पेटीतली, यानाला पीळ देऊन वळवणारी रिअ‍ॅक्शन व्हील्सही फिरतात आणि वेग वाढवताना नाक जमिनीत घुसतं. जाणते खेळाडू तो पीळ बंद ठेवत किंवा चाकांना वेगळ्या कळा देत.

रोव्हर लँडरच्या एका बाजूला टांगला तर सगळं यान कलतं. मग दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन हवं, नाहीतर गाडी थेट पोटाखाली घ्यायची आणि इंजिनं कडेला हलवायची. दोन-अडीच फुटांच्या गाडीसाठी पूर्ण लँडर नव्याने आखावा लागतो, आणि मला यातच या खेळाची खरी गोडी वाटते.

खेळातल्या मिनमस या दुसऱ्या उपग्रहावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या विसाव्या हिश्श्याचं. तिथे मोटार कितीही दमदार असो, चढावर चाकं जागीच फिरतात. मावळातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गावर ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे, आणि आजही कर्जतला गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, कारण चाकांची रुळावरची पकड चाकांवरच्या वजनाच्या प्रमाणातच असते. मिनमसवर बँकरचं काम गाडीला जमिनीकडे दाबणारे छोटे थ्रस्टर करतात.

एप्रिल २०१६च्या १.१ आवृत्तीत चाकांचं गणित नव्याने लिहिलं गेलं आणि जुन्या गाड्या थरथरू, घसरू लागल्या. तो काळ त्रासाचा होता. ३० मे २०१९ला आलेल्या ‘ब्रेकिंग ग्राउंड’ या खेळाच्या विस्ताराने मात्र बिजागऱ्या आणि दट्टे दिले. आता गाडी घडी करून नेता येऊ लागली. खऱ्या अभियंत्यांनी भांडण असंच मिटवलं होतं. १९७१ साली अपोलो-१५ची २१० किलोंची गाडी घडी होऊन लँडरच्या एका कप्प्यात गेली. १९९७ साली मंगळावर उतरलेला साडेदहा किलोंचा सोजर्नर प्रवासात १८ सेंटिमीटर उंचीत दबून बसला होता. तिथे पोचल्यावर तो उठून ३० सेंटिमीटरचा झाला.

‘ब्रेकिंग ग्राउंड’ आला त्याच वर्षी, ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे, चांद्रयान-२चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला आणि त्याच्या पोटातला प्रज्ञान रोव्हर बाहेर येऊच शकला नाही. चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी, चांद्रयान-३ उतरलं. त्याच्या प्रक्षेपकाच्या एस-२०० बूस्टरचे भाग आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडले होते, याचा मला फार अभिमान आहे. दोन तुकड्यांची उतरण उलगडली, मिटलेली सौरपट्टी उभी राहिली आणि २६ किलोंचा, सहा चाकांचा प्रज्ञान खाली आला. सेकंदाला एक सेंटिमीटर, म्हणजे ताशी ३६ मीटर! खेळात एवढ्या हळू गाडी हाकण्याइतका धीर कुणाला नसतो, पण उलटलेली गाडी सरळ करायला तिथे कुणी नाही, हे त्या वेगामागचं कारण आहे. २७ ऑगस्टला तीन मीटर पुढे चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला, तेव्हा प्रज्ञानला आल्या वाटेने परत फिरवलं. निजवण्यापूर्वी तो शंभर मीटरच्या पुढे गेला होता.

जानेवारी २०२४मध्ये जपानच्या स्लिम यानाने सोरा-क्यू हा छोटा रोव्हर चंद्रावर सोडला. आठ सेंटिमीटरचा, पाव किलोचा गोळा. खाली पडल्यावर मधोमध उघडतो आणि त्याची दोन अर्धुकंच चाकं होतात. नाकावर पडलेल्या स्लिमचा फोटो त्यानेच काढला. इतकी सुरेख घडी मी खेळातही पाहिली नव्हती. आता भारत आणि जपान मिळून चांद्रयान-५ आखत आहेत. लँडर आपला, रोव्हर जपानचा, वजन सुमारे २५० किलो. प्रज्ञानच्या जवळपास दसपट वजनाची ती गाडी लँडरवर कुठे बसवायची आणि कोणत्या उतरणीवरून खाली आणायची, हे कोडं आता तिथल्या आणि इथल्या अभियंत्यांपुढे आहे. आमच्यातल्या काहींनी खेळात ते सोडवायला घेतलंही आहे.