सुफेन पाण्यातील मांसभक्षक मासे : मत्स्यपेटीच्या पाण्याची सिद्धता

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील रुपेरी ॲरोवाना, पीकॉक बास यांसारखे मांसभक्षक मासे हौशी लोकांच्या मत्स्यपेट्यांत आता आढळू लागले आहेत. त्यांचे मूळ पाणी पुष्कळदा सुफेन, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अल्प असलेले, असते. यावरून पाणी जितके सुफेन तितके ते हितकर, असा समज होतो. हा समज अपुरा आहे. कारण अशा पाण्यात बहुधा अल्कताही अल्प असते, आणि मांसाहारी माशांच्या पेटीत अल्कताच सर्वांत जलद खर्च होते.

भिवंडी परिसरात तीन प्रकारचे पाणी हाताशी असते. याच तालुक्यात पिसे येथे भातसा नदीचे पाणी उचलून पांजरापूर येथे मुंबईसाठी शुद्ध केले जाते. पावसाने भरणाऱ्या जलाशयांचे असे पाणी बहुधा सुफेन असते. मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. कूपनलिकेचे पाणी बेसाल्टच्या भेगांत दीर्घकाळ राहिलेले असल्याने बहुधा दुष्फेन असते. पावसाच्या पाण्यात क्षार नाममात्र असतात. परंतु यंत्रमागाच्या कारखान्यांवरील जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवरून ते धरल्यास त्यात जस्त उतरते, आणि सुफेन पाण्यात जस्त माशांना अधिक बाधते.

आता अल्कतेचा हिशेब पाहू. प्रथिनांत सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो व त्याचा मोठा भाग मासे अमोनियाच्या रूपाने टाकतात. गाळणीतील सूक्ष्मजंतू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यात दर ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे 7 ग्रॅम अल्कता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने) नष्ट होते. 1000 लिटरच्या पेटीत अल्कता दर लिटरला 20 मिलिग्रॅम असेल, तर एकूण साठा 20 ग्रॅमचाच होय. खाद्यातील निम्मा नायट्रोजन या मार्गाने गेला असे धरले, तरी सुमारे 35 ग्रॅम प्रथिने, म्हणजे पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम ताजी मासळी, हा साठा संपविण्यास पुरेशी ठरते.

साठा संपला की पीएच मूल्य घसरते, सूक्ष्मजंतूंचे कार्य मंदावते व अमोनिया साचू लागतो. तथापि आम्ल पाण्यात तो बव्हंशी अमोनियम आयनाच्या निरुपद्रवी रूपात असल्याने मासे स्वस्थ दिसतात. 28 अंश सेल्सिअस तापमानास मुक्त अमोनियाचे प्रमाण पीएच 6 असता हजारात एकाहूनही कमी, 7 असता शेकडा पाऊण, तर 8 असता शेकडा साडेसहाच्या आसपास असते. अशा पेटीत एकाएकी पुष्कळसे अल्कधर्मी पाणी घातले, तर स्वच्छतेच्या हेतूने केलेली ही कृतीच प्राणघातक ठरते.

म्हणून पाणी सिद्ध करताना प्रथम अल्कता, दुष्फेनता व पीएच मोजावेत. दर मिलिग्रॅम क्लोरीनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम स्फटिकी सोडियम थायोसल्फेट पुरते. कूपनलिकेचे पाणी दर लिटरला 300 मिलिग्रॅम दुष्फेन व व्युत्क्रम परासरणाने शुद्ध केलेले पाणी 10 मिलिग्रॅमचे असेल, तर एकास पाच या प्रमाणात मिसळल्यास मिश्रण सुमारे 58 मिलिग्रॅमचे होते. मिठाने पुनरुज्जीवित होणाऱ्या आयन-विनिमय यंत्राने हे साधत नाही. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो एवढेच. आम्ल घातल्यानेही दुष्फेनता जात नाही. केवळ अल्कता नष्ट होते. देशी बदामाची वाळलेली पाने पाण्यास टॅनिन व किंचित आम्लता देतात, परंतु ती क्षार काढीत नाहीत.

अल्कता घटल्यास 1000 लिटरमागे 34 ग्रॅम खाण्याचा सोडा तिच्यात दर लिटरला सुमारे 20 मिलिग्रॅमची भर घालतो. पेटीत अमोनिया साचला नसल्याची खात्री करून, तो विरघळवून थोडाथोडा घालावा. पाणी बदलणेही अल्प प्रमाणात, वरचेवर व पेटीच्या पीएचशी जुळवून करावे. पाणी सुफेन असावे, परंतु अल्कताहीन नसावे. आणि किती अल्कता राखावयाची, हे माशाच्या मूळ नदीइतकेच त्याला घातल्या जाणाऱ्या खाद्यावरून ठरवावे लागते.