आगबोटीवर चार्जिंग कसे करावे?

इयत्ता ४ थी



आपल्या अलोरे गावाला विजेचे नवल नाही. कोयना प्रकल्पाची वसाहत आपल्या गावात उभी राहिली. पोफळीचे वीजघर आपल्यापासून जवळच आहे. सह्याद्रीच्या पलीकडचे कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून इकडे खाली येते, त्याच्या जोराने यंत्रे फिरतात आणि वीज तयार होते. सगळे टप्पे मिळून कोयनेची वीज १९६० मेगावॅट आहे. काम झाले की तेच पाणी वाशिष्ठी नदीला मिळते आणि दाभोळला समुद्रात जाते. पण समुद्रात जी बोट चालते तिच्यापर्यंत आपली विजेची तार काही जाऊ शकत नाही. म्हणून बोट आपली वीज आपणच तयार करते. तिच्या पोटात मोठमोठी जनरेटर यंत्रे असतात. दिवे, पंखे, स्वयंपाकघर, लिफ्ट, सगळे त्यावर चालते. मोठी प्रवासी बोट म्हणजे एक तरंगते गावच, आणि त्या गावाचे पोफळी त्याच्याच पोटात.

माझा मामा अशाच एका प्रवासी बोटीवर इलेक्ट्रिशियन आहे. तो शिमग्याला सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला पुष्कळ प्रश्न विचारले. कारण माझी आत्या, आतेभाऊ आणि आजी मुंबईहून गोव्याला बोटीने जाणार आहेत. पूर्वी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची आणि आपल्या दाभोळला लागायची. आजी अजून आगबोटच म्हणते. तेव्हा लोकांकडे वळकटी आणि डबा असायचा, चार्ज करायचे काहीच नसायचे. नंतर ती बोट बंद झाली. मग २०१८ साली मुंबई ते गोवा ‘आंग्रिया’ नावाची बोट काही काळ चालली. तिचे नाव कान्होजी आंग्र्यांवरून ठेवले होते. २०२१ साली ‘कॉर्डेलिया’ कंपनीची बोट मुंबईहून सुरू झाली. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो आणि केबिनमध्ये प्लग पॉइंट असतात एक किंवा दोन.

आत्याने पिशवी भरली त्यात काय काय होते ते मी लिहून घेतले. मोबाईल ३, आतेभावाचा लॅपटॉप १, कॅमेरा १, पॉवर बँक १, आणि आजीचे कानाचे यंत्र. शिवाय एक लांब वायरचा बोर्ड. तो साधा बोर्ड नव्हता, लाल बटणाचा स्पाईक गार्ड होता. मामाने पिशवीतून पहिल्यांदा तोच बाहेर काढला. आत्या म्हणाली, “अरे, हा तर जास्त सुरक्षित असतो ना? मुद्दाम महाग घेतला.” मामा म्हणाला, “घरी सुरक्षित. बोटीवर हाच धोक्याचा.” हे ऐकून सगळ्यांनाच आश्चर्य वाटले. ते का, हे मी आता सांगतो. हा भाग थोडा कठीण आहे, पण सावकाश वाचला तर समजतो.

आपल्या घरी भिंतीत दोन मुख्य तारा येतात. एक फेज, तिला टेस्टर लावला की पेटतो. दुसरी न्यूट्रल, तिला टेस्टर पेटत नाही, कारण ती जमिनीला जोडलेली असते. आणि तिसरी अर्थिंगची. तिच्यासाठी घरामागे खड्डा काढून त्यात पत्रा पुरतात, मीठ-कोळसा टाकतात, उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात. (मुलांनी टेस्टर हातात घेऊ नये. हे मामाने मला तीनदा सांगितले, म्हणून मी पण लिहितो.)

बोटीला कुठली आली जमीन! खाली सगळे पाणी. तिथे बोटीचे लोखंड म्हणजेच जमीन मानतात. आणि बऱ्याच बोटींवर दोन तारांपैकी एकही तार त्या लोखंडाला जोडत नाहीत. त्यामुळे टेस्टर दोन्हीकडे पेटतो. असे मुद्दाम करतात. समजा, कुठे तरी वायर खरवडली आणि लोखंडाला लागली. आपल्या घरी असे झाले तर फ्यूज उडतो आणि काळोख होतो. बोटीवर काळोख होऊन कसे चालेल? सुकाणूचे यंत्र बंद पडले तर बोट खडकावर जाईल. म्हणून एक तार लोखंडाला लागली तरी वीज चालूच राहते. फक्त खाली यंत्रांच्या खोलीत इशारा होतो आणि मामासारखी माणसे तो बिघाड शोधायला निघतात. कधी कधी तो सापडायला वेळ लागतो.

आता स्पाईक गार्डच्या पोटात काय असते? त्यात एक बटणाएवढा गोल तुकडा असतो. वीज कडाडली आणि तारेत एकदम जास्त दाब आला, तर तो तुकडा जास्तीची वीज अर्थिंगकडे वाट करून देतो. आपल्याकडे पावसाच्या आधी विजा पडतात तेव्हा तो उपयोगी आहे. पण बोटीवर तोच तुकडा तार आणि बोटीचे लोखंड यांच्या मध्ये बसतो.

इथे मामाने कावडीचे उदाहरण दिले. कावडीला दोन बाजूंना दोन हंडे. माणूस सरळ उभा असेल तर दोन्ही हंडे जमिनीपासून सारखेच वर असतात. बोटीच्या दोन तारा अशाच असतात. तारांमध्ये २२० व्होल्ट असले तर लोखंडापासून एक तार साधारण ११० वर आणि दुसरी पण साधारण ११० वर. आता एक हंडा जमिनीला टेकला तर काय होईल? दुसरा दुप्पट वर जाईल. तसेच बोटीवर दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत एक तार लोखंडाला लागली, की दुसरी तार लोखंडापासून ११० ऐवजी २२० वर जाते. केबिनमधला स्पाईक गार्ड कमी दाबासाठी बनवलेला असेल, तर त्याला वाटते की वीज पडली! तो जास्तीची वीज ढकलायला लागतो. खरी वीज पडली तर ते एका क्षणात संपते. इथे बिघाड सापडेपर्यंत संपतच नाही. तो तुकडा तापतो, तापतो, आणि शेवटी प्लास्टिक पेट घेते.  बटण बंद करून पण भरवसा नाही, कारण साधे बटण एकच तार तोडते आणि इथे तर दोन्ही तारा जिवंत आहेत. या कारणाने अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ साली बोटवाल्यांना लेखी इशारा दिला होता. आता बहुतेक प्रवासी बोटींवर असा बोर्ड नेऊ देत नाहीत. चढताना सामान तपासतात, बोर्ड काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात.

गावात घराला आग लागली तर माणसे अंगणात येतात, विहिरीवर धावतात. बोटीवर अंगण नाही. मामा म्हणतो की वादळाला आम्ही एवढे भीत नाही, तेवढे धुराला भितो.

मग तीन मोबाईल कसे चार्ज करायचे? बोर्डाऐवजी अनेक भोकांचा एक चार्जर घ्यावा. तो सरळ भिंतीतल्या पॉइंटला लावायचा आणि त्याच्यातून चार वायरी काढायच्या. त्यात तो स्पाईक गार्डचा तुकडा आहे असे खोक्यावर लिहिलेले नसावे, हे बघून घ्यावे. भारतात विकायच्या चार्जरवर बी. आय. एस. ची खूण आणि ‘आर’ ने सुरू होणारा नंबर असतो, तो पण बघावा. रस्त्यावर पन्नास रुपयांना मिळतो तो चार्जर मुळीच नेऊ नये, असे माझे मत आहे.

चार्जरवर बारीक अक्षरात इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असते. आमच्या घरातल्या चारही चार्जरवर आहे. मी भिंग घेऊन वाचले. बोटीवर याचा उपयोग होतो, कारण पुष्कळ बोटींच्या केबिनमध्ये दोन तऱ्हेचे पॉइंट असतात. एक अमेरिकेसारखा चपट्या पिनांचा, ११० व्होल्टचा. दुसरा गोल पिनांचा, २२० चा. आपला मोबाईलचा बारीक दोन गोल पिनांचा चार्जर दुसऱ्यात बसतो. आपली जाड तीन पिनांची पिन कशातच बसत नाही, तिला साधा अडॅप्टर लागतो. ज्या वस्तूवर फक्त २३० लिहिले आहे ती ११० मध्ये नीट चालत नाही. फक्त ११० लिहिलेली वस्तू २२० मध्ये लावली तर जळूनच जाते. न्हाणीघरात आरशाजवळ पण एक पॉइंट असतो. तो फक्त दाढीच्या मशीनसाठी असतो, त्याला लॅपटॉप लावू नये.

आता एक गणित करू. मोबाईल ३, प्रत्येकी १८ वॅट, म्हणजे ५४. लॅपटॉप ६५. कॅमेरा ६. आजीचे यंत्र ५. एकूण १३० वॅट. त्याला २३० ने भागले तर एक ॲम्पिअर सुद्धा होत नाही. एक इस्त्री एकटी १००० वॅट खाते, म्हणजे आत्याच्या सगळ्या पिशवीच्या सातपटीहून जास्त. म्हणून बोटीवर मोबाईल कितीही चालतात, पण इस्त्री आणि पाणी तापवायची किटली केबिनमध्ये चालत नाही.

मग भीती कसली? भीती बॅटरीची. मोबाईलची लिथियमची बॅटरी आतून बिघडली तर स्वतःच तापत जाते. ती विझली असे वाटते आणि पुन्हा पेटते. म्हणून चार्जिंगला लावलेला मोबाईल उशीखाली, गादीवर किंवा टॉवेलखाली ठेवू नये. तिथे उष्णता बाहेर जात नाही. टेबलावर, उघडा ठेवावा. फुगलेली बॅटरी बोटीवर नेऊच नये. मोबाईल समुद्राच्या पाण्याने भिजला असेल तर पुसून पूर्ण सुकेपर्यंत वायर लावू नये, खारे पाणी भोकातल्या पितळी पट्ट्या खाते. केबिनमधून जेवायला किंवा नाटक बघायला जाताना चार्जर काढून जावे. काही बोटींवर दाराजवळच्या खाचेतले कार्ड काढले की केबिनची वीज आपोआप बंद होते. लोक तिथे दुसरेच कार्ड खुपसून जातात, म्हणजे मोबाईल चार्ज होत राहावा. मामाला या गोष्टीचा फार राग आहे.

झोपताना पण चार्जिंग लावू नये. रेल्वेत सुद्धा २०२१ साली पश्चिम रेल्वेने रात्री ११ ते पहाटे ५ गाडीतले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचे ठरवले, ते आगीच्या भीतीनेच.

पण इथे आमच्याकडे एक अडचण आली. आजी घरी कानाचे यंत्र रात्री झोपतानाच चार्जिंगला लावते. ते काढले की तिला काहीच ऐकू येत नाही, ताट पडले तरी नाही. आणि बोटीवर संकट आले तर भोंगा वाजतो. सात लहान आणि एक लांब. तो ऐकला की सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचे असते. आजीचे यंत्र संपले असेल तर तिला भोंगा कसा ऐकू येणार? आणि चार्जिंगला असेल तरी तेच. यावर आमच्या पडवीत बराच वेळ चर्चा झाली. आजी म्हणाली, “मी जातच नाही, माझं काय अडलंय?” पण तिला जायचे आहे हे सगळ्यांना माहीत होते. तिने नवीन लुगडे काढून ठेवले होते.

शेवटी असे ठरले की संध्याकाळी सगळे केबिनमध्ये जागे असताना सात ते दहा आजीचे यंत्र चार्ज करायचे. त्याला तीन तास पुरतात. तेव्हा पॉइंटवर पहिला हक्क आजीचा, मोबाईल नंतर. रात्री यंत्र डबीत घालून आजीच्या उशाशी ठेवायचे आणि आत्याने तिच्याच केबिनमध्ये झोपायचे. शिवाय बोटीत चढल्यावर तिथल्या माणसांना आधीच सांगायचे की आजीला ऐकू येत नाही. काही मोठ्या बोटींवर अशा माणसांसाठी हलणारे किंवा दिवा लागणारे यंत्र मिळते, पण मागावे लागते.

आणि चुकून केबिनमध्ये मोबाईलमधून धूर आलाच, तर तो हातात घेऊन पळू नये. सगळ्यांनी बाहेर यावे, दार ओढून घ्यावे आणि बोटीवरच्या माणसाला बोलवावे. दार लावले की आग आतच कोंडते. पिशवी घ्यायला परत आत जाऊ नये.

पॉवर बँक बोटीवर चालते, पण दिवसा जागेपणी भरून घ्यावी. ती विमानात न्यायची असेल तर हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते.

एक सोपी युक्ती राहिली. किनारा दूर गेला की मोबाईलला टॉवर सापडत नाही. तो सारखा शोधत राहतो आणि बॅटरी भरभर उतरते. काही बोटींवर बोटीचे स्वतःचे नेटवर्क असते. मोबाईल ते धरतो आणि बिल फार मोठे येते. म्हणून मुंबई मागे पडली की मोबाईल विमान मोडवर टाकावा. फोटो काढता येतात, घड्याळ चालते आणि चार्जिंग पण कमी वेळा लागते. गोव्यात मुरगाव बंदर आले की मोड काढावा आणि मग घरी फोन करावा. आजोबा वाट बघत असतात.