दुकान दूर, तक्रार मात्र घराजवळ

भिलईच्या मरोदा वसाहतीत पूर्वी टीव्ही किंवा मिक्सर घ्यायचा म्हणजे घरातली माणसे मिळून बाजारात जात. दुकानदार वस्तू चालवून दाखवी, बिलावर शिक्का मारी. बिघाड निघालाच, तर ती वस्तू पिशवीत घालून पुन्हा त्याच्यासमोर ठेवता येई. आता तीच वस्तू मोबाइलवर मागवली की घरपोच येते. वेळ वाचतो, चार पैसेही वाचतात. पण खोक्यातून बिघडलेली वस्तू निघाली, तर जाब विचारायचा कुणाला?

असे समजू या की, मरोद्यातल्या एका कुटुंबाने मुलाच्या बारावीच्या अभ्यासासाठी अठरा हजारांचा टॅब मागवला आणि तो सुरूच झाला नाही. फोन केला की प्रथम दहा मिनिटे संगीत ऐकावे लागते. मग एक गोड आवाज दिलगिरी व्यक्त करतो आणि तक्रार क्रमांक देतो. दुसऱ्या दिवशी नवा आवाज, आणि सारी कहाणी पुन्हा पहिल्यापासून! ऑनलाइन दुकान म्हणते, ‘कंपनीच्या सेवा केंद्रात जा.’ सेवा केंद्र म्हणते, ‘विक्रेत्याला विचारा.’ विक्रेता फोन उचलत नाही. तोवर वस्तू परत करण्याची मुदत टळते. ‘अठरा हजारांसाठी बेंगळूरूला कोण खेटे घालणार?’ असे म्हणून घरचे गप्प बसतात. नेमकी इथेच चूक होते.

नामवंतही सुटले नाहीत

डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा यांनी सुमारे अठरा हजारांचा हेडफोन मागवला होता. व्यवस्थित बंद केलेल्या खोक्यातून निघाला लोखंडाचा तुकडा! ग्राहक सेवेकडूनही दाद मिळेना, तेव्हा त्यांनी ट्विटरवर छायाचित्रे टाकली आणि कंपनीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. पण सामान्य गृहिणीचे म्हणणे ऐकायला लाखो चाहते नसतात. तिच्या पाठीशी उभा राहतो तो कायदा.

कायदा काय सांगतो?

पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालचा. तेव्हा तक्रार कुठे करायची हे ठरवताना विक्रेत्याचे कार्यालय किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले ते ठिकाण पाहिले जाई, आणि त्यावरच वाद रंगत. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ग्राहकाला आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा मिळाली. म्हणजे विक्रेता कुठल्याही शहरातला असो, मरोद्याच्या ग्राहकाला दुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

त्याच जुलै महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे नियमही आले. त्यांनुसार प्रत्येक ऑनलाइन दुकानाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करायला हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘आम्ही फक्त जागा पुरवतो’ म्हणणाऱ्या दुकानांनाही विक्रेत्याचे नाव व पत्ता द्यावाच लागतो.

पावले कशी टाकावीत?

महागडे पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. बिल, खोक्यावरची चिठ्ठी आणि वस्तूचा अनुक्रमांक जपावा. फोनवर बोलणे झाले, तरी तक्रार लेखी करावी. बोलण्याला पुरावा नसतो. तारखा वहीत टिपून ठेवाव्यात.

महिनाभरात दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथेही काम झाले नाही, तर जिल्हा आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो, व्हिडिओवरून सुनावणीची विनंतीही करता येते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. शक्यतो विक्रेता आणि ऑनलाइन दुकान या दोघांनाही प्रतिवादी करावे, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा उरत नाही.

दुसरा फटका टाळा

वैतागलेला ग्राहक घाईने इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा क्रमांक शोधतो आणि भामट्यांच्या हाती सापडतो. क्रमांक नेहमी दुकानाच्या अधिकृत अ‍ॅपमधूनच घ्यावा. पैसे परत देण्यासाठी ओटीपी किंवा पिन लागत नाही. कुणी मागितलाच, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० वर कळवावे.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा आजचा कायदा नव्हता, हेल्पलाइन नव्हती. ग्राहकाने मुकाट्याने सोसू नये, ही जिद्द तेवढी होती. आज साधने हाताशी आहेत. अठरा हजार रुपये म्हणजे कित्येक घरांची महिन्याची कमाई. ती हक्काने परत मागण्यात संकोच कसला?